दोघांपुरता कोच

१२ फेब्रुवारी

बाबा,

मायना काय घालावा ते ठरेना. शाळेत शिकवलेला लिहून बघितला, पण तो आपल्या दोघांमधला वाटेना. म्हणून नुसतं बाबा.

कामापुरतं लिहितो आहे. घरासाठी एक कोच घ्यायचा आहे. दोघांपुरता, कातड्याचा आणि जुना. नवीन नको, असं आईचं म्हणणं. बाजारात विचारलं तर जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणाला, कातडं नाकाने ओळखायचं. दुसरा म्हणाला, नखाने. तिसऱ्याने तर माझ्यासमोर काडीच पेटवली, तेव्हा मी बाहेर आलो. या कामातलं कळणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही. तेवढ्यासाठीच तुम्हाला विचारतो.

कातडं खरं आहे की नाही हे कसं बघायचं? आत काय भरलेलं असावं? जुन्याची मोडतोड वरून कळते का? एवढंच कळवावं.

पाहुणे आले की बसायला नीट जागा नसते, म्हणून घ्यायचा आहे. बाकी सगळं ठीक आहे. आईची तब्येत चांगली आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. तुम्ही विचारलं नव्हतं, पण वरचा पत्ता दुकानाचा आहे म्हणून सांगितलं. उत्तर तिथेच पाठवा. घरी नको.


४ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. 'रेक्झिन सगळीकडे सारखं दिसतं, कातडं कधीच नाही. माशी चावल्याची खूण, जुना ओरखडा, मानेच्या सुरकुत्या दिसल्या तर खरं. वरून बघू नकोस, आडवा होऊन खालून बघ. कोण बसणार? किती वेळ?'

एवढंच. आई कशी आहे, असं तुम्ही विचारलं नाहीत. अर्थात चांगली आहे असं मीच लिहिलं होतं.

रविवारी आईला गाडी करून जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदाराला बाजारात सगळे राजेसाहेब म्हणतात, कारण त्याच्याकडची प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या राजाची असते. एका लाल कोचावर राजा बसायचा, दुसऱ्या काळपट कोचावर राजाचा भाऊ, आणि पायाचं कातडं उंदराने खाल्लेल्या तिसऱ्यावर म्हणे राणी. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सगळे राजे कोच विकूनच गेले का हो?"

"आता काय सांगायचं ताई," तो म्हणाला, "राज्य गेलं की पहिल्यांदा बसायची जागाच जाते."

आईला हे इतकं आवडलं की ती हसायला लागली, आणि मग हसू थांबेपर्यंत आम्हाला तिला धरून उभं राहावं लागलं.

तिने सगळे कोच बसून बघितले. बसायची आणि डोळे मिटायची. लालवाला फार खोल होता, तिला उठताच येईना. काळपट चांगला होता, पण त्याचे हात इतके खाली की कोपर टेकेना. मी मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाखाली आडवा झालो. राजेसाहेब म्हणाला, "हा मुलगा कोच घ्यायला आलाय की गाडी दुरुस्त करायला?"

खाली गेलो की मी आधी खिळे बघतो. ही लहानपणची सवय आहे. तुम्ही आमच्यात होतात आणि घरीच काम करायचात तेव्हा मी दिवा धरून कोचाखाली पडलेला असायचो. दुसऱ्यांनी ठोकलेले खिळे उजवीकडे झुकलेले असतात. तुमचे डावीकडे, कारण हातोडी तुमच्या डाव्या हातात. आणि बैठकीखाली ताणलेल्या नवारीच्या पट्टीचं टोक तुम्ही दोनदा दुमडायचात, बाकीचे एकदाच. आता कुठेही कोच दिसला, दवाखान्यात किंवा बँकेत, तरी मी रुमाल पाडतो आणि खाली वाकून बघतो. अजून एकही डावीकडे झुकलेला खिळा दिसलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोण बसणार आणि किती वेळ. पाहुणे, असं मी लिहिलं होतं. आपल्याकडे कोण पाहुणे येणार?

आई बसणार आहे. दिवसभर. तिला आडवं होता येत नाही. आडवी झाली की श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलं आहे. असं म्हणून ते कागद लिहायला लागले, त्यामुळे पुढचं मला विचारता आलं नाही. गेले काही महिने ती भिंतीला उशा लावून बसूनच झोपते. उशा सरकतात. मग तीही सरकते.

हे तुम्हाला कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. मी तिचं ऐकलं नाही, कारण कोण बसणार हे कळल्याशिवाय तुम्ही नीट सांगू शकणार नाही.

पण तुम्ही येऊ नका. हे ती म्हणत नाही, मी म्हणतो आहे.


२३ मार्च

बाबा,

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. पत्त्याच्या जागेतसुद्धा लिहिलं होतं, त्यामुळे पोस्टमन कुरकुरला.

तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं. बैठक एवढी उंच की गुडघे कमरेच्या वर जात नाहीत. पाठ सरळ. हात उंच. आत घोड्याचे केस, कारण फोम तापतो आणि आजारी माणसाची पाठ भाजते. कातडं जुनं आणि मऊ झालेलं, अंगाला न चिकटणारं. असा कोच राजेसाहेबाकडे नव्हताच. तो सापडला एका बंद पडलेल्या वाचनालयात. तिथलं सामान काढून टाकत होते. तपकिरी रंग, पाठीला बटणं, कडेने पितळी खिळ्यांची ओळ. त्यातले काही खिळे गेले आहेत. उजवीकडच्या हातावर कोणाच्या तरी बोटांनी घासून गुळगुळीत झालेला एक डाग आहे. वाचता वाचता कोणीतरी वर्षानुवर्षं तिथेच हात फिरवत बसलं असणार. आई त्यावर बसली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी घाबरलो. मग ती म्हणाली, "हा."

खालून बघितलं. खिळे उजवीकडेच झुकलेले.

दोष एकच आहे. डावीकडची नवार सैल पडली आहे आणि तिथे खळगा झाला आहे. उजवी बाजू घट्ट आहे.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, 'दोघांचा कशाला? एकटीला मोठी खुर्ची पुरेल, उठायलाही बरी.' मलाही तसंच वाटत होतं. तुमचं नाव न घेता मी आईला विचारलं. ती म्हणाली, "खुर्ची नको. खुर्चीत वाट बघणारी माणसं बसतात. दवाखान्यात बघितलीस ना? एकेक खुर्ची, एकेक माणूस."

"मग दोघांच्या कोचावर काय होतं?"

"काही होत नाही. शेजारी जागा राहते."

मग ती तुमच्यावर घसरली. तुमच्यावर म्हणजे, तुम्ही तिथे होतात असं धरून. "सगळ्या गावाला बसवलं या माणसाने," ती म्हणाली, "आणि मला ठेवली उभी." आपल्या घरात कधी कोच नव्हता, हे तुम्हाला आठवत असेल. गिऱ्हाइकांचे यायचे, महिनाभर राहायचे, आणि त्यावर बसायचं नाही म्हणून तुम्ही चादर टाकून ठेवायचात. मला वाटायचं चादरीखाली कोणीतरी झोपलं आहे.

कोच जिन्यातून वर आणताना समोरच्या काकूंनी दोन्ही हमालांना सळो की पळो केलं. "अरे उभा धरा, उभा! झोपवून नेलात तर वळणार नाही!"

आई दारात स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "माझ्यासारखाच आहे. आडवा होत नाही."

हमाल हसले. काकू हसल्या नाहीत.

इथला एक कारागीर नवार बदलून द्यायला तयार आहे. पण आई ऐकत नाही. "परक्या माणसाने माझ्या कोचाखाली शिरायचं नाही," म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. वाद घातला की तिला धाप लागते, हे तिला माहीत आहे आणि ती त्याचा फायदा घेते.


११ एप्रिल

बाबा,

तुमच्या कार्डावर या वेळी एकच ओळ होती. 'ती कुठल्या बाजूला बसते?'

ती डावीकडे बसते. खिडकीशी. खळगा तिथेच आहे, म्हणून मी तिला सांगितलं की उजवीकडे बस. नाही म्हणाली. उजवीकडे ती शालसुद्धा ठेवत नाही. काकूंनी एकदा तिथे भाजीची पिशवी ठेवली तर म्हणाली, "उचला ती. माणसाची जागा आहे."

मला आधी वाटलं, माझ्यासाठी आहे. कामावरून आलो आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "स्टूल घे ना. समोर बस. तुझा चेहरा दिसतो." तेव्हापासून मी समोर स्टुलावर बसतो. ती खरंच चेहरा बघते. तिचा चष्मा मी स्वतः केला आहे, दोन वेळा भिंग बदलून. दोन्ही कानांवर सारखा बसावा म्हणून दांड्या गरम करून वाकवल्या. तिला त्यातून नीट दिसतं.

खळग्यामुळे ती डावीकडे कलते. खिडकीकडे झुकलेलीच दिसते. मी टॉवेलच्या घड्या करून खाली घालतो, पण त्या सपाट होतात. पाठ दुखते असं ती सांगत नाही. झोपेत कण्हते त्यावरून मला कळतं.

कुठली बाजू हे तुम्हाला कशाला हवं होतं, ते कळलं नाही. पण विचारलंत म्हणून सांगितलं.


२ मे

बाबा,

एक गोष्ट विचारायची आहे. जुन्या कोचाचा खळगा आपोआप भरून येतो का?

परवा संध्याकाळी कामावरून आलो तर आई सरळ बसलेली. कललेली नाही. टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेले. हात लावून बघितलं तर डावी बाजू उजवीसारखीच घट्ट. मी विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, "मी हलकी झाले."

हलकी झाली आहे हे खरं आहे. मी तिला उचलून न्हाणीत नेतो, मला कळतं. वजन नसलं तर स्प्रिंगा परत वर येत असतील, असं मी धरलं. तरी सैल नवार घट्ट कशी होईल? तुम्हाला माहीत असेल.

खोलीत मेणाचा वास येत होता. दार करकरत होतं म्हणून काकूंनी बिजागऱ्यांना मेण लावलं, असं आई म्हणाली. दार अजून करकरतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मेण आहे ते, जादू नाही." आणि आत निघून गेल्या.

या आठवड्यात ती बरी आहे. दुपारी काकूंकडून वेणी घालून घेतली. रात्री मला म्हणाली, "तुझा बाप काम वाईट करत नव्हता हं. बाकी काहीही म्हण." मी काहीच म्हटलं नव्हतं.

डॉक्टर घरी येऊन गेले. जिन्यात थांबून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूर्वी कधी ठेवला नव्हता.

मी येऊ नका असं लिहिलं होतं. ते खोडत नाही. पण १२ तारखेला रविवार आहे, आणि त्या दिवशी मी सकाळपासून बाहेर असेन. दाराला कडी नसेल. उजवी बाजू रिकामीच असते.


१० मे

बाबा,

आई काल सकाळी गेली.

मी बूट घालत होतो. ती म्हणाली, लेस नीट बांध. मी बांधली आणि वर बघितलं तर तिचे डोळे मिटलेले होते. ती तशी नेहमीच मिटते, म्हणून मी निघालो. जिन्यात आलो आणि परत वर गेलो. का गेलो ते माहीत नाही.

ती सरळ बसलेली होती. कललेली नव्हती.

तुम्ही काम करता त्या दुकानात काकूंनी फोन केला. कोणीतरी उचलला आणि निरोप देतो म्हणालं. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. नंतर थांबता येत नाही.

तुमचं कार्ड आज माझ्या दुकानातून घरी आणून दिलं. 'होतं कधी कधी.' खळगा आपोआप भरतो का, असं मी विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. त्याखाली लिहिलं आहे, 'कातडं बसतं ठेवावं. न बसलेलं कडक होतं आणि तडकतं.'

रविवारी मी बाहेर असेन असं लिहिलं होतं. आता घरी असलो काय नि नसलो काय.


१७ जून

बाबा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कोचाला हात लावला नाही. राजेसाहेब येऊन गेला. तो विकत घ्यायला आला असेल असं मला वाटलं, पण नुसता दारात उभा राहिला. म्हणाला, "तुझ्या आईसारखं बसून बघणारं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही." मग म्हणाला, "ती राणीच होती रे." या वेळी तो दुकानातल्यासारखा बोलत नव्हता.

आईचा चष्मा सापडत नव्हता. त्या दिवशी तो तिच्या डोळ्यांवर नव्हता, हे नंतर लक्षात आलं. कपाट, गादी, न्हाणी सगळीकडे बघितलं. आज वाटलं, बैठक आणि पाठ यांच्या फटीत गेला असेल. हात घातला, बोटांना दांडी लागली पण निघेना. म्हणून कोच पुढे ओढला आणि पालथा घातला.

चष्मा निघाला. एक दांडी वाकली आहे. ती करीन मी सरळ.

पण खाली, डावीकडे, नवार नवी आहे. पांढरी. उजवीकडची जुनी, मळकी, तशीच आहे. नव्या पट्ट्यांची टोकं दोनदा दुमडलेली आहेत. आणि खिळे डावीकडे झुकलेले.

मी बराच वेळ खाली पडून होतो. दिवा धरायला कोणी नव्हतं, पण दिसत होतं.

मग काकूंकडे गेलो. त्यांनी आधी नाही नाही केलं, मग रडल्या, मग म्हणाल्या की आईनेच शपथ घातली होती. मी बाजू कळवली आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तुम्ही आलात. मी कामावर होतो. हत्यारांची पिशवी घेऊन आलात आणि दारात म्हणालात, "नवार बदलायला आलोय." जणू कोणी कारागीर बोलावला होता. आई म्हणाली, "मग बदला."

काकू म्हणाल्या, तिला उठवायला नको म्हणून तुम्ही कोच उलटा केला नाहीत. ती वर बसलेली आणि तुम्ही जमिनीवर पाठ टेकून खाली. या वयात. ठोकताना धक्का बसू नये म्हणून हातोडीला फडकं बांधलं होतं. स्प्रिंगा नवारीला शिवायच्या दोराला लावायचं मेण तुम्ही हातात धरून मऊ करत होतात. आई वरून म्हणत होती, "झालं का?" आणि तुम्ही खालून म्हणत होतात, "थांब जरा."

मेणाचा वास तुमचा होता. आणि मी तुम्हालाच पत्र लिहून विचारत होतो, आपोआप होतं का. तुम्ही लिहिलंत, होतं कधी कधी. दोघांनी मिळून मला चांगलंच बनवलंत. मी रागावलेलो नाही. मला फक्त एवढंच वाटतं की माझ्या पाठीमागे का होईना, तुमचं एका गोष्टीवर एकमत झालं.

काकूंनी सांगितलेली शेवटची गोष्ट अशी. काम झाल्यावर तुम्ही कोचाखालून बाहेर निघून हत्यारं पिशवीत भरलीत. आईने उजवीकडे हात ठेवला. तुम्ही म्हणालात, "कपडे मळके आहेत." ती म्हणाली, "कोचही जुनाच आहे." तुम्ही उभेच. मग ती म्हणाली, "काम तपासायचं नाही का? गिऱ्हाइकाकडे तर नेहमी तपासायचात."

तेव्हा तुम्ही बसलात. काम तपासताना तुम्ही कसे बसता, ते मला आठवतं. एकदम वजन टाकून, दोन्ही तळवे बाजूला दाबून, आणि लगेच उठायचं. काकू म्हणाल्या, या वेळी लगेच उठला नाहीत. किती वेळ बसला होतात ते त्यांना सांगता आलं नाही, कारण त्या दार ओढून बाहेर आल्या होत्या. पण नवार तर तुम्ही डावीकडची बदलली होती. मग उजवीकडे बसून काय तपासलंत?

तुम्ही गेल्यावर काकू आत आल्या तर आई एवढंच म्हणाली, "बसला. एकदाचा बसला."

ती गेली त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. येऊ नका, असं मी लिहिलेलं तुम्ही निदान माझ्यासमोर तरी पाळलंत असं आता वाटतं. मला कळायला हवं होतं. तुम्हाला काम असल्याशिवाय कोणाच्या घरात शिरता येत नाही.

म्हणून कामाचं लिहितो. संध्याकाळी मी डावीकडे बसतो, ती बाजू मऊ आहे. उजवीकडे कोणी बसत नाही, आणि तिथलं कातडं कडक पडायला लागलं आहे. खालची नवारही सैल झाल्यासारखी वाटते. इथल्या कारागिराला दाखवणार नाही. परक्या माणसाने तिच्या कोचाखाली शिरायचं नाही.

पिशवी घेऊन या. मी घरी असेन. दिवा मी धरतो.